रस्ता खोदायचा तर पौषात

भुसावळ सोडून तापी ओलांडली की उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ दिसू लागते आणि दोन्ही अंगांनी केळीच्या बागा सुरू होतात. नोकरीच्या काळात या वाटेने फैजपूरला किती वेळा गेलो असेन, त्याची गणती नाही. परवा एका लग्नाच्या निमित्ताने पुन्हा जाणे झाले. जेवणावळ आटोपल्यावर मंडळी सावलीत लवंडली आणि मी मात्र जुन्या बाजारपेठेकडे वळलो. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला एक खोड जडलेली असते. दुकानात शिरला की मालकाच्या तोंडाकडे पाहण्याआधी तो फळ्यांवरचा माल पाहतो. पुढच्या फळ्या भरलेल्या आणि मागच्या रिकाम्या दिसल्या की त्याला कळायचे ते कळते.

एका ओळखीच्या कापडदुकानदाराने हाक मारली. चहा मागवला. धंदापाणी कसे आहे म्हणून विचारले, तर म्हणाला, "साहेब, गिऱ्हाईक आहे हो. पण त्याला गाडी कुठं लावायची ते सांगता येत नाही. मग ते हायवेवरच्या दुकानात जातं."

हे दुखणे एकट्या फैजपूरचे नव्हे. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्गावर चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर अशी गावे माळेतल्या मण्यांसारखी ओवलेली आहेत. या साऱ्यांची, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक लहान शहरांची, हीच गत आहे. रस्त्याच्या कडेने काचेची नवी दुकाने उभी राहतात आणि गावाच्या पोटातली पेठ हळूहळू वाळत जाते. दोष कुणाला द्यायचा? मोबाईलवरून साडी मागवणाऱ्या सुनेला? तिला दोष देण्यात अर्थ नाही आणि कोणतीही नगरपालिका तो मोबाईल बंद करू शकत नाही. पण नगरपालिकेच्या हातात काहीच नाही असे जे हल्ली सर्रास म्हटले जाते, ते मला मान्य नाही. तिच्या हातात बरेच आहे, आणि त्यातले निम्मे तर फुकटचे आहे.

फैजपूर हे काही काल-परवाचे व्यापारी गाव नव्हे. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात येथील सुती कापडाच्या रंगाई-छपाईची आणि लाकडाच्या आठवडे बाजाराची मुद्दाम नोंद घेतली आहे. रंगाऱ्यांची शेकडो घरे तेव्हा येथे होती. पुढे कारखान्यांचे रंग आणि गिरण्यांचे कापड आले, आणि ती पेठ गेली. पेठ मरू शकते, हे या गावाला पुस्तकातून शिकायची गरज नाही.

आणि पेठ उभी कशी करायची, हेही या गावाने एकदा देशाला दाखवले आहे. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच शहर सोडून खेड्यात भरले ते येथे. अध्यक्ष पंडित नेहरू. धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतांत टिळकनगर वसवले, नंदलाल बोस यांनी बांबू-चटयांनी त्याची सजावट केली आणि खादी-ग्रामोद्योगाचे प्रदर्शन खुद्द गांधीजींनी उघडले. त्या तात्पुरत्या नगरात लाखालाखाने येणाऱ्या माणसांसाठी पाणी, दिवे, मुतारी, चालायला वाट, या गोष्टींचा विचार आधी झाला, भाषणे नंतर. आपल्या कायमच्या नगरांत नेमका हा क्रम उलटा झाला आहे.

आता थोडे माझ्या पापाविषयी.

नव्वदच्या दशकात खानदेशातल्याच एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी होतो. गावाचे नाव सांगत नाही. तेथे एका भांड्यांच्या दुकानदाराचे आमच्याकडे कॅश क्रेडिट खाते होते. ज्यांना या खात्याचा परिचय नाही त्यांच्यासाठी सांगतो: दुकानातला माल तारण ठेवून बँक एक मर्यादा ठरवून देते. दुकानदार रोजचा गल्ला खात्यात भरतो आणि माल आणायला त्यातूनच उचलतो. दर महिन्याला मालाचे पत्रक द्यायचे. या खात्याचा उतारा म्हणजे दुकानाची नाडी. सकाळी किती वाजता दुकान उघडले हे सोडून बाकी सारे त्यात दिसते.

तर या गृहस्थांचे खाते वर्षानुवर्षे घड्याळासारखे चाले. मार्च-एप्रिलमध्ये भरणा वाढायचा, आखाजीला कळस व्हायचा, पावसाळ्यात उतरायचा, पोळ्यापासून पुन्हा चढायचा. एका वर्षी मार्चपासून भरणा एकाएकी निम्म्यावर आला आणि तसाच राहिला. १९९२ नंतर थकीत कर्जांचे नवे कडक निकष आलेले होते. वरून पत्रांवर पत्रे येत होती. मी त्यांची मर्यादा कमी केली आणि शेऱ्यात लिहिले, "खातेदाराचे व्यवसायाकडे दुर्लक्ष."

हा शेरा लिहिताना मी त्या दुकानात पाऊल टाकले नव्हते. टाकले तेव्हा जून उजाडला होता. दुकानासमोर गटाराच्या कामासाठी खोदलेला चर होता, छातीइतका खोल, आणि त्यावर एक फळी. त्या फळीवरून तोल सावरत कोण बाई हंडा-कळशी आणि रुखवताचा संच घेऊन जाणार होती? ठेकेदार निम्मे काम टाकून गेला होता. लग्नसराई संपली होती. दुकानदार मला एवढेच म्हणाला, "आधी कळलं असतं साहेब, तर माल कमी भरला असता." पुढल्या वर्षी त्याने दुकान काढून टाकले. त्या वाक्याने माझा इतकी वर्षे पिच्छा पुरवला आहे.

तो चर मार्चमध्येच का खणला गेला? याचे उत्तर पुढे मला हिशेबी माणूस म्हणून मिळाले. सरकारी अनुदान आर्थिक वर्षाच्या अखेरीस येते, ३१ मार्चपूर्वी खर्ची पडलेले दाखवावे लागते, म्हणून कामाचे आदेश फेब्रुवारी-मार्चमध्ये सुटतात. कुदळ पडते ती नेमकी लग्नसराईच्या तोंडावर. काम रेंगाळले की पाऊस गाठतो. म्हणजे पेठेची सुगी आणि नगरपालिकेची खोदाई दरवर्षी एकाच मुहूर्तावर!

आता आपल्या पंचांगाकडे पाहा. पौषात लग्ने नाहीत. पाऊस नाही. संक्रांतीचे वाण आणि बांगड्या सोडल्या तर बाजाराला तशी सुस्तीच असते. रस्ता खोदायचा असेल तर देवाने हा महिना जणू त्यासाठीच ठेवला आहे. त्यासाठी निविदा दिवाळीपूर्वी निघायला हव्यात, कामाची तारीख दुकानदारांना दोन महिने आधी लेखी कळायला हवी, आणि पेठेतले काम एका टोकाकडून शंभर-शंभर फूट पुरे करत जायला हवे. साऱ्या रस्त्याचे पोट एकदम फाडायचे नाही. याला एका पैचाही जादा खर्च नाही. आणि काम मुदतीबाहेर लांबले तर जितके महिने दुकानासमोर चर राहील तितक्या महिन्यांची घरपट्टीत सूट द्यावी. ठेकेदाराच्या दंडातून ती भरून काढता येईल. इंग्लंडमध्ये करयोग्य मूल्य १२,००० पौंडांपर्यंत असलेल्या, एकाच जागेत धंदा करणाऱ्या छोट्या दुकानदाराला तेथला व्यवसाय-मालमत्ता कर पूर्ण माफ असतो. आपल्याला एवढी ऐपत नाही. पण खड्ड्यापुरती सूट तरी?

नगरपालिकांना पेठेची कळकळ का वाटेनाशी झाली, याविषयी माझे एक मत आहे. वाचकांपैकी ज्यांनी जकात नाके पाहिले आहेत त्यांना ते पटेल. जकात हा फार वाईट कर होता. नाक्यावर ट्रकांच्या रांगा, चिरीमिरी, रात्रीची भांडणे. ती गेली ते उत्तमच झाले. पण जकात होती तोवर पेठेत माल जास्त आला की नगरपालिकेची तिजोरी भरे, आणि पेठ मंदावली की मुख्याधिकाऱ्यांची झोप उडे. १९९९ साली नगरपालिकांच्या हद्दीतली जकात रद्द झाली आणि तिच्या जागी सरकारचे सहायक अनुदान आले. ते पेठ चालो वा बुडो, येतच राहते. दोघांची नाळ तेथे तुटली. त्यावर कडी म्हणजे अनेक नगरपरिषदांत मुदत संपूनही काही वर्षे निवडणुकाच झाल्या नाहीत, प्रशासकांचा कारभार चालला. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या आणि पुन्हा माणसे निवडून आली. निदान आता गाऱ्हाणे सांगायला ओळखीचा उंबरठा आहे.

नाळ तुटल्यावर उत्पन्नाचा सोपा मार्ग म्हणून पुष्कळ नगरपालिकांनी व्यापारी संकुले बांधण्याचा धडाका लावला. अनामत घ्यायची, गाळा द्यायचा. तळमजला चालतो, वरच्या मजल्यावर कबुतरे. पण खरा गुंता पुढे होतो. आपल्या जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या जळगावचेच उदाहरण घ्या. तेथे महापालिकेच्या अठरा संकुलांतील दोन हजारांहून अधिक गाळ्यांची मुदत २०१२ च्या सुमारास संपली. त्यानंतर वर्षानुवर्षे नूतनीकरण, थकबाकी, दंड, लिलाव, न्यायालय असे चक्र फिरत राहिले. महापालिकेला भाडे मिळेना आणि गाळेधारकाला उद्याची शाश्वती नाही. बँकेच्या दृष्टीने पाहिले तर ज्याच्या करारनाम्याची मुदत संपली त्या दुकानदाराला कर्ज देणे म्हणजे अंधारात उडी मारणे. कोण बरोबर, कोण चूक, या वादात मी पडत नाही. मला एवढेच दिसते की वीस-तीस वर्षे नाममात्र भाडे ठेवून एका दिवशी ते बाजारभावावर नेले, की कोणताही दुकानदार तोंडावर आपटणारच. करारातच दर तीन वर्षांनी ठरलेली वाढ लिहून ठेवावी, आणि मुदत संपण्याच्या वर्षभर आधी नूतनीकरणाची नोटीस जावी. साधी गोष्ट आहे. आम्ही बँकेत मुदत ठेवीसाठीसुद्धा तसे पत्र पाठवत असू.

आता हातगाडीवाले. दुकानदारांच्या बैठकीत हा विषय निघाला की आवाज चढतात. "आम्ही पट्टी भरतो, आणि तो आमच्या पायरीसमोर फुकट उभा राहतो!" रागात तथ्य आहे, पूर्ण सत्य मात्र नाही. केळीच्या बागेत निंदणी करून आलेली बाई आधी मिरच्या-कोथिंबीर घेते, मग बांगड्या, मग मुलाचा सदरा. भाजीची पाटी उठवली तर ती पेठेत येणारच नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहर समितीत चाळीस टक्के जागा खुद्द विक्रेत्यांना दिल्या, त्यांतील एक तृतीयांश स्त्रियांना. समिती कागदावर न राहता खरोखर बसली, पट्टे मारून जागा ठरवल्या, रोजच्या वसुलीची छापील पावती दिली, तर निम्मी भांडणे मिटतील. २०२० मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान स्वनिधी योजनेत फेरीवाल्याला पहिले दहा हजारांचे कर्ज मिळाले ते नगरपालिकेच्या ओळखपत्रावर किंवा शिफारसपत्रावर. एक सही, आणि सावकाराच्या दारातून माणूस बँकेच्या दारात! इतकी स्वस्त मदत दुसरी कोणती असेल, मला ठाऊक नाही.

इंदूरचा सराफा अनेक वाचकांनी पाहिला असेल. दिवसा सोन्याचांदीची पेढी, रात्री त्याच ओट्यांसमोर गराडू आणि जिलेबी. एकाच रस्त्यावर दोन पेठा, आणि दोन्ही एकमेकींना धरून. आपल्याकडे प्रांत कचेरी आहे, महाविद्यालय आहे, अभियांत्रिकीची मुले आहेत. ही मंडळी संध्याकाळी कोठे जातात? दिवे जेथे आहेत तेथे.

आणि एक शेवटचे, ज्याविषयी पुरुष मंडळी सहसा लिहीत नाहीत. बाजारात बाई किती वेळ थांबते, हे तिच्या हातातल्या पैशांवर ठरत नाही. पेठेत तिच्यासाठी स्वच्छ, पाणी असलेले, कुलूप न लावलेले स्वच्छतागृह आहे की नाही, यावर ते ठरते. नसेल तर ती तासाभरात घरची बस धरते, आणि साडी बघायची राहून जाते. माझी पत्नी हे तीस वर्षे सांगत होती. माझ्या डोक्यात ते निवृत्तीनंतर शिरले.

त्या कापडदुकानदाराचा मुलगा आता गल्ल्यावर बसतो. निघताना त्याने विचारले, "काका, लिमिट वाढवून घेऊ का? लग्नसराईचा माल भरायचा म्हणतो." सवयीने माझ्या तोंडावर उलाढाल, तारण, व्याजदर असे प्रश्न आले होते. ते गिळले आणि त्याला म्हटले, आधी नगरपालिकेत जा आणि या रस्त्याचे एखादे काम मंजूर झाले आहे का, ते विचारून ये. तो हसला. त्याला वाटले, काका थट्टा करताहेत.