सुटलेल्या माशाला हसू नका

खाडीकाठच्या एखाद्या वृद्ध कोळ्याने दोन्ही हात फैलावून ‘एवढा जिताडा होता, पण सुटला’ असे सांगितले, की ऐकणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहून हसायचे, अशी आपल्याकडे रीत पडली आहे. पनवेलच्या मासळीबाजारात असो वा मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या आवारात असो, हे हसणे ठरलेले. या हसण्याला आमचा विरोध आहे. पनवेलच्या खाडीने काय गमावले, हे सांगणारा साक्षीदार आज बहुधा हा म्हाताराच उरला आहे, आणि आपण त्यालाच हसण्यावारी नेतो.

मुळात त्याच्या गोष्टीत अविश्वसनीय असे काय आहे? जिताडा पुरुषाच्या छातीला लागेल एवढा वाढतो. पन्नास किलोंहून अधिक वजनाचे जिताडे जगात नोंदले गेले आहेत. त्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते. गळाला लागला की तो पाण्याबाहेर उसळी घेतो, डोके झाडतो आणि दोर कापून जातो. तेव्हा मोठा जिताडा सुटणे हा कोळ्याचा कल्पनाविलास नव्हे. तो त्या माशाचा स्वभाव आहे.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. बहुतेक जिताडे आधी नर असतात व काही वर्षांनी, पुरेसे मोठे झाल्यावर, मादी होतात. म्हणजे म्हातारा ज्याची आठवण काढतो, तो मोठा मासा बहुधा आई होता. मोठी मादी लाखो अंडी घालते. ती खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात जाते आणि पिल्ले भरतीबरोबर आत, तिवरांच्या मुळांत नि खाजणांत वाढायला येतात. त्या काळी सुटलेला प्रत्येक मोठा मासा पुढच्या पिढीची ठेव होता. खाडीने त्याला परत घेतले, म्हणून दुसऱ्या वर्षी पागात लहान जिताडे येत राहिले.

आज त्याने परत जायचे कोठे? १९७० साली सिडको स्थापन झाली, १९८९ साली न्हावा-शेवा येथे बंदर सुरू झाले, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. त्या विमानतळासाठी टेकडी सपाट झाली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, दलदलीवर व तिवरांवर भराव पडला. तळोज्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्याने कासाडी नदीची झालेली दुर्दशा राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली. विमानतळ नको होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु जेथे पिल्ले वाढत होती ती जागा बुजवायची आणि वर ‘मासा सुटला’ म्हणून कोळ्याला हसायचे, हा कोणता न्याय?

‘आठवण फुगत जाते’, असे सुशिक्षित मंडळी म्हणतील. फुगत असेल. हातभर जास्त सांगितला असे धरून तेवढा कमी करा. तरीही उरतो तो मासा आजच्या टोपलीत दिसत नाही. १९९५ साली डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी पाहिलेला समुद्र हाच मूळचा समुद्र मानते आणि त्याआधीचा ऱ्हास कोणाच्या हिशेबातच येत नाही. अमेरिकेत फ्लोरिडातील की वेस्ट बंदरावर हौशी मासेमार आपल्या मोठ्या माशांसह छायाचित्रे काढून घेत. ती जुनी छायाचित्रे तपासून २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९५६च्या सुमारास अशा माशाचे सरासरी वजन जवळजवळ २० किलो होते; २००७ साली ते २.३ किलोंवर आले होते. चेहरे मात्र तितकेच खूष! आमच्या खाडीची अशी छायाचित्रे कोणी काढली नाहीत. आमच्याकडे आहेत ते म्हाताऱ्यांचे फैलावलेले हात.

२७ फेब्रुवारी २०१५ रोजी हरित लवादाने उरण व पनवेल तालुक्यांतील, गव्हाणसारख्या कोळीवाड्यांतील, १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटींहून अधिक भरपाई देण्याचा आदेश दिला. तो मोठा विजय होता. परंतु भरपाई कुटुंबे मोजून ठरते; खाडीतून काय गेले याची यादी तिने तयार होत नाही. ती यादी लिहायची कोणी?

‘जिताडा आता तळ्यात वाढवतात’, हे उत्तर आम्हांला पटत नाही. तळ्यातला मासा मादी होण्याइतका मोठा होण्याआधीच विकला जातो. ताट त्याने भरेल. खाडी भरणार नाही.

संत योहानाच्या शुभवर्तमानात पेत्राने किनाऱ्यावर ओढलेल्या जाळ्यातील मोठ्या माशांची संख्या दिली आहे: १५३. एवढा मोठा प्रसंग, आणि तरी मासे मोजले गेले, ते मोठे होते हेही नमूद झाले. त्यावर कोणी हसत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक धर्मग्रामातील तरुणांनी एक वही घ्यावी. आपल्या घरच्या व शेजारच्या कोळीवाड्यांतील वृद्धांकडे, ते कोणत्याही धर्माचे असोत, जावे आणि विचारावे: कोणता मासा, कोणत्या सुमारास, कोठे, पागात की गळाला, किती हात लांब, आणि तसा शेवटचा कधी पाहिला? चार गावांची उत्तरे जुळली, की ती गप्प राहणार नाहीत. आणि प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी मासळी घेताना गृहिणींनी वीतभर जिताड्याचे पिल्लू नाकारावे.

हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. सांगणारे ऐंशीच्या घरात आहेत.