कळप, थवा, टोळी आणि संघ

शाळेच्या व्याकरणात समूहदर्शक शब्दांची यादी असते. गुरांचा कळप, पक्ष्यांचा थवा, चोरांची टोळी, उंटांचा तांडा, उतारूंची झुंबड. मुले ती घोकतात आणि परीक्षा झाली की विसरतात. आमच्या विरार-नालासोपाऱ्याच्या मुलांना झुंबड तेवढी पाठ करावी लागत नाही. ती रोज सकाळी फलाटावर पाहावयास मिळते.

इंग्रजीत पक्षी आणि मेंढरे, दोघांनाही 'फ्लॉक' हा एकच शब्द चालतो. गंमत अशी की, जुन्या इंग्रजीत हा शब्द माणसांच्या जमावासाठी होता. जनावरांना तो मागाहून लागला. (गादीत भरतात तो लोकरीचा पिंजलेला भुगाही फ्लॉकच, पण त्याचे कूळ निराळे.)

वसईतील ख्रिस्ती बांधव धर्मगुरूला मेंढपाळ आणि भाविकांना कळप म्हणतात. तेथे या शब्दात माया आहे. शंभरातले एक मेंढरू हरवले तर नव्याण्णव मागे ठेवून त्याला शोधायला निघणारा मेंढपाळ बायबलात आहे. हाच कळप कामगारांच्या मोर्चाला चिकटविला की शिवी होते. सहा डिसेंबरला दादरला येणाऱ्या माणसांना कोणी 'लोंढा' म्हणतो, कोणी 'जनसागर'. माणसे तीच, घरून भाकरी बांधून आलेली.

सर्वांत जास्त रक्त आटविले ते 'टोळी' या शब्दाने. 1871 साली इंग्रज सरकारने कायदा करून अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरविले. माणसांनी गाव सोडायचे तर परवाना आणि ठराविक वेळी पोलिसांपुढे हजेरी! स्वातंत्र्यानंतर 1952 मध्ये तो कायदा रद्द झाला. तरीही कोठे चोरी झाली की टोळी कोणाची, हे काही लोकांच्या मनात आधीच ठरलेले असते. उलट 'तांडा' पाहा. पाठ्यपुस्तकात तो उंटांचा, पण बंजारा बांधव आपल्या वस्तीला अभिमानाने तांडा म्हणतात.

आता 'संघ'. आपण रोज संघाला शरण जातो, पण पालीत हा शब्द केवळ भिक्खूंचा नाही. जातकांच्या निदानकथेत लुंबिनी वनाच्या वर्णनात 'सकुणसंघ' येतो. सकुण म्हणजे पाखरू. दीघनिकायात 'मिगसंघ' आहे, म्हणजे जनावरांचा कळप. पाखरू, जनावर आणि भिक्खू यांना एकच शब्द पुरला, कोणाला कमीपणा आला नाही. आम्हास हे फार आवडते.

पाखरांवरून सम्मोदमान जातक आठवते. पारधी जाळे टाकी, तेव्हा सारे लावे पक्षी जाळ्याच्या एकेका भोकात डोके घालून एकदम उडत, जाळे काटेरी झुडपावर टाकीत आणि खालून निसटत. एके दिवशी उतरताना एकाचा पाय दुसऱ्याच्या डोक्यावर पडला. झाले भांडण. बोधिसत्त्व लावा आपल्या सोबत्यांना घेऊन निघून गेला. पुढच्या वेळी जाळे पडले, तेव्हा मागे राहिलेले 'तू उचल, तू उचल' म्हणत राहिले आणि पारध्याने सर्वांना टोपलीत भरले.

शेळ्यामेंढ्यांच्या समूहाला आपल्या गावी काय म्हणतात? वाचक बंधू-भगिनींनी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून अवश्य कळवावे.