रिशारचे निलंबन : चाहत्यांच्या संतापाचे वाचन
१/ चाहत्यांचा संताप इतिहासाचा पुरावा मानावा का? माझ्या मते मानावा, पण जपून.

२/ १३ मार्च १९५५. बॉस्टनमधील आइस हॉकीच्या सामन्यात मॉन्ट्रियलचा मोरीस रिशार याने सहायक पंचाला मारले. लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्बेल यांनी त्याला उर्वरित हंगामासह प्लेऑफमधूनही निलंबित केले.

३/ १७ मार्चला कॅम्बेल मॉन्ट्रियलमध्येच सामना पाहायला आले. अश्रुधुराचे नळकांडे फुटले, सामना डेट्रॉइटला बहाल झाला, रस्त्यावर दुकाने फुटली. पुढे अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात स्टॅन्ली कपही डेट्रॉइटनेच जिंकला.

४/ रिशार फ्रेंचभाषक, कॅम्बेल इंग्रजीभाषक. शहरातील आर्थिक सत्ता मुख्यतः इंग्रजीभाषकांच्या हाती. त्यामुळे एका खेळाडूची शिक्षा अनेकांना समाजाचा अवमान वाटली.

५/ १९६० च्या दशकातील क्वेबेकच्या ‘शांत क्रांती’चा उगम अनेक जण या रात्रीत शोधतात. मला तो मागाहून चिकटवलेला अर्थ वाटतो. त्याच हंगामात बर्नार जॉफ्रियों याने रिशारला एका गुणाने मागे टाकले, तेव्हा घरच्याच चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवली. तोही मॉन्ट्रियलचाच, फ्रेंचभाषकच!

६/ म्हणजे तो संताप भाषिक अस्मितेचा होता, तसाच निखळ चाहतेपणाचाही. एकच बाजू वाचली, तर हाती पुरावा नव्हे, दंतकथा उरते.