नांगरट आधी, बियाणे नंतर

पडझडीतून नव्याने उभा राहू पाहणाऱ्या संघाने कोट्यवधींचा नामवंत खेळाडू विकत घ्यावा काय? गावातील पोरांना बाकावर बसवून स्पर्धेपुरता बाहेरचा चढाईपटू आणणाऱ्या खेड्यातील मंडळापुढेही प्रश्न हाच असतो.

प्रो कबड्डीचा दाखला बोलका आहे. २०२२ साली तमिळ थलायवाजने पवन सेहरावतसाठी २ कोटी २६ लाख मोजले. पहिल्याच सामन्यात तो जायबंदी झाला. संघाला उपांत्य फेरीत नेले ते नवख्यांनी. २०२३ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला २ कोटी ६० लाखांहून अधिक दिले. संघ तळाशी राहिला. दोष पवनचा नव्हे. ५ कोटींच्या मर्यादेतील निम्म्याहून अधिक रक्कम एका माणसावर खर्चली, तर बाकीच्यांच्या वाट्याला उरते काय?

याउलट पुणेरी पलटणने नगर जिल्ह्यातील अस्लम इनामदारसारखी तरुण मुले घडविली आणि २०२२ मध्ये अंतिम फेरी गाठली. मगच इराणच्या शादलूईसाठी २ कोटी ३५ लाख मोजले. १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून विजेतेपद मिळविले.

तात्पर्य, भांडवलाला विरोध नाही. त्याच्या क्रमाचा आग्रह आहे. न नांगरलेल्या रानात महागडे बियाणे टाकणारा शेतकरी आमच्या पिंगळीत शहाणा ठरत नाही. मंडळांनी प्रथम मैदान, प्रशिक्षक आणि मुलांचा खुराक यांवर पैसा खर्चावा. तारा त्यानंतर शोभेल.