आगटीभोवतीचे सुख



कापसाचा भाव, पावसाचा खंड, बँकेची नोटीस हे आपल्या बैठकीचे नेहमीचे विषय. आज आम्ही वेगळा विषय काढतो आहोत. रोजच्या जगण्यात आपल्याला सुख कशाने होते?

कोणी म्हणतो, पैशाने. कोणी उपदेश करतो, आहे त्यात समाधान माना. घरात पैसा नसला की सुख पळते, हे आपल्याला शिकवायला नको. आणि समाधानाचा उपदेश बहुधा पोट भरलेला माणूसच करतो.

पण सुखाचा दिवस आठवा म्हटले तर काय आठवते? आम्ही आठवून पाहिले. कापसाची पट्टी हातात पडली तो दिवस आठवला नाही. ती उधारीत कधी गेली ते कळलेच नव्हते. आठवली ती पौषातली आगटी. गोवऱ्यांचा विस्तव, त्यात खुपसलेली ज्वारीची कणसे, तळहातावर चोळून फुंकर मारलेला गरम हुरडा, जवसाची चटणी, गुळाचा खडा. बांधावरून हाक मारली की शेजारी आला, वाटेने जाणाराही बसला. पहिली मूठ पाहुण्याच्या हातावर. कर्ज त्या दिवशीही होतेच. तरी सुख होते, कारण हातात देण्यासारखे काही होते आणि घ्यायला माणसे होती.

हिंगोली हा नामदेवांचा मुलूख. नर्सी हे त्यांचे जन्मगाव मानतात. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव इथल्या पोरालाही ठाऊक आहेत. देण्यातले सुख ते हेच. २०२५ च्या जागतिक आनंद अहवालात १४७ देशांत भारत ११८ वा आला. चारचौघांत बसून जेवणारे लोक एकट्याने जेवणाऱ्यांपेक्षा अधिक सुखी असतात, असेही त्याच अहवालात आहे. आपल्या आजीने हे अहवालाशिवाय सांगितले असते.

मग आगट्या का विझल्या? सोयाबीनने खरिपाची ज्वारी मागे सारली, हरभऱ्याने रब्बीची. ज्वारीला भाव नाही, पाखरे राखायला माणूस नाही. शेतकऱ्याने हिशेब केला; तो चुकला असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्वारीबरोबर जनावरांचा कडबा गेला आणि हुरडाही गेला. आता शहरालगत तिकीट लावून हुरडा पार्ट्या होतात, आणि आपल्या गावात आगटी दिसत नाही.

आणखी एक. गडीमाणसे आगटीभोवती बसतात तेव्हा चटणी वाटणारी बाई कुठे असते? तिच्या वाट्याला शेवटचा, गार झालेला हुरडा येत असेल तर ते सुख अर्धेच.

तेव्हा या रब्बीत चार तासे तरी हुरड्याच्या ज्वारीची पेरा. एक दिवस आगटी पेटवा. मायबहिणींना आधी बसवा. आणि बसल्यावर नजर फिरवा, कोण आले नाही? कर्जाने खचलेला माणूस आधी पाहुणे टाळतो, मग पार सोडतो, मग घरातही बोलेनासा होतो. द्यायला हातात काही उरले नाही, ही लाज त्याला एकटे पाडते. त्यातून उजाड झालेली घरे मराठवाड्याने फार पाहिली.

त्याच्या येण्याची वाट पाहू नका. मूठभर हुरडा घेऊन त्याच्या दारी जा, त्याच्यापाशी बसा. भावाची लढाई उद्याही लढायची आहे. ती लढायला आधी माणूस राहिला पाहिजे.