तीन सवंगड्यांचा खेळ

मुलांच्या हातातील खेळणे पाहून त्यांच्या बुद्धीचे माप घेण्याची आम्हां शिक्षकांस जुनी खोड आहे. गतवर्षी नववीच्या वर्गास ‘माझा आवडता खेळ’ हा निबंध दिला असता एका विद्यार्थ्याने ‘सीक्रेट ऑफ मॅना’ नावाच्या व्हिडिओ गेमविषयी चार पाने लिहिली. ‘खेळ मैदानावर असतो’ असा तांबड्या शाईचा शेरा मारून आम्ही वही परत केली. आज त्या शेऱ्याचाच फेरविचार करावयाचा आहे.

दिवाळीच्या सुटीत बहिणीच्या घरी गेलो, तो भाचेमंडळी हाच खेळ मांडून बसलेली. खेळ जपानचा. स्क्वेअर या कंपनीने तो 1993 साली सुपर फॅमिकॉम या 16 बिटांच्या यंत्रासाठी काढला. म्हणजे या मुलांच्या जन्माच्या कितीतरी आधी. यंत्रे वर्षाच्या आत जुनी ठरतात अशा काळात तीस वर्षांपूर्वीचा खेळ मुलांस का रुचावा, या कुतूहलाने आम्हीही बैठक मारली.

कथा साधी आहे. धबधब्यापाशी दगडात रुतलेली तलवार एक मुलगा उपसतो, राक्षस मोकाट सुटतात आणि गावकरी त्यालाच गावाबाहेर घालवितात. पुढे त्याला एक मुलगी आणि स्मृती हरपलेला एक यक्षकुमार भेटतो. या तिघांस तीन खेळाडू चालवू शकतात आणि कोणीही वाटेल तेव्हा खेळात यावे अथवा उठून जावे, अशी सोय आहे. त्या काळी या जातीचे बहुतेक खेळ एकट्यानेच खेळावयाचे असत.

आमच्या हाती कंट्रोलर येताच आम्ही सपासप वार करीत सुटलो. एकही वार धड लागेना. तेव्हा सात वर्षांची भाची म्हणाली, ‘‘मामा, मात्शें राव!’’ जरा थांब, असे तिचे म्हणणे. प्रत्येक वारानंतर खेळाडूचे बळ शून्यावर येते आणि हळूहळू शंभर टक्क्यांपर्यंत भरते. तेवढा धीर न धरणाऱ्याचा वार पोकळ ठरतो. ‘थांबा, विचार करा, मग लिहा’ हे आम्ही वर्गात वर्षभर घोकवितो. तोच धडा येथे मुले आपखुशीने गिरवीत होती.

या खेळाच्या जन्मातही संयमाचाच वाटा आहे. आरंभी तो सुपर फॅमिकॉमला जोडावयाच्या सीडीच्या उपकरणासाठी योजला होता. ते उपकरण बाजारात आलेच नाही, आणि मोठा आराखडा कापून सुमारे दोन मेगाबाइटांच्या काडतुसात बसवावा लागला. दिग्दर्शक कोइची इशी, इराणात जन्मलेले प्रोग्रामर नासिर गेबेली आणि संगीतकार हिरोकी किकुता यांनी त्या अडचणीतून वाट काढली. एका वेळी आठच स्वर वाजविणाऱ्या यंत्रातून किकुतांनी असे संगीत उभे केले, की आरंभीची ती देवमाशाच्या हाकेसारखी साद ऐकताच स्वयंपाकघरातली आमची बहीणही दाराशी येऊन उभी राहिली. 2018 साली हाच खेळ नव्या रूपात, अधिक झगमगाटाने निघाला. परंतु जुन्या चाहत्यांत त्याविषयी दुमतच झाले. दागिन्यांनी मूळ रूप खुलतेच असे नाही.

खेळ निर्दोष आहे असे आमचे म्हणणे नाही. सोबती यंत्राच्या हवाली केले, तर ते झाडाखांबाआड अडकून बसतात. इंग्रजी भाषांतर अवघ्या काही आठवड्यांत उरकल्यामुळे संवाद त्रोटक आहेत. डोळ्यांस होणारा ताण आणि अभ्यासाची हानी हे आक्षेपही खरे आहेत. तथापि आमच्या मते सर्वांत मोठा प्रश्न वेगळाच आहे : या खेळाला शेवट आहे की नाही? आज फोनवरील कितीतरी खेळांना शेवटच नसतो. मुलाने उठू नये आणि वडिलांनी पैसे मोजीत राहावे, अशीच त्यांची रचना असते. ‘सीक्रेट ऑफ मॅना’ संपतो. आणि संपतो तोही किंमत घेऊन. जग वाचवावयाचे तर जगातील मॅना ही दिव्य शक्ती मावळणार, आणि तिच्यावरच जगणारा यक्षकुमार सोबत्यांस अंतरणार. मुलगा वार करण्यास कचरतो. त्याला धीर देतो तो यक्षकुमारच.

तो शेवट आम्ही भाऊबिजेच्या रात्री पाहिला. तिघेही पोरे काही वेळ बोलली नाहीत. मग धाकटीने आपण होऊन यंत्र बंद केले आणि ती आईच्या कुशीत जाऊन बसली. चांगली गोष्ट ऐकून संपल्यावर मुले अशीच स्तब्ध होतात, हे आम्ही वर्गात अनेकदा पाहिले आहे.

मैदानाचे महत्त्व आम्ही तसूभरही कमी मानीत नाही. परंतु जो खेळ तिघांस एकत्र बसवितो, धीर धरावयास लावतो आणि शेवटी निरोप घ्यावयास शिकवितो, तो पडद्यावर आहे एवढ्याच कारणाने त्याज्य ठरत नाही. सुटी संपताच आम्ही त्या विद्यार्थ्याकडून वही मागून घेतली, शेरा खोडला आणि निबंध पुन्हा, या वेळी शेवटपर्यंत, वाचला. त्यात व्याकरणाच्या चुका पुष्कळ होत्या. विचार मात्र आमच्याहून सरळ होता.