डॉल्बीवरचा आळ

जोनी मिचेलच्या चाहत्यांनी एक निकाल केव्हाच देऊन टाकला आहे : ‘डॉग ईट डॉग’ (१९८५) हा अल्बम टॉमस डॉल्बीने बिघडवला. (आपल्या मिरवणुकांतल्या डॉल्बीशी या गृहस्थाचा संबंध नाही. नावाचा उगम मात्र एकच. ध्वनियंत्रांच्या वेडापायी चिकटलेले ते टोपणनाव.) ‘ब्लू’मध्ये (१९७१) डल्सिमर छेडत गाणारी बाई एका इंग्रज यंत्रवेड्याच्या हाती सापडली आणि फेअरलाइटच्या कल्लोळात हरवली, अशी ही करुण कथा.

मला ही कथा जोनीचा अपमान करणारी वाटते. पहिल्या अल्बमला (१९६८) डेव्हिड क्रॉसबी निर्माता होता. त्यानंतर जवळजवळ सर्व निर्मिती तिने स्वतःच्या हाती ठेवली. १९७५ साली ‘द जंगल लाइन’मध्ये बुरुंडीच्या ढोलांच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा फिरता ठेवून त्यावर मूग सिंथेसायझर वाजवणारी तीच होती. तेव्हा डॉल्बी शाळकरी मुलगा होता! अशा बाईला दहा वर्षांनी कोणी यंत्राची भुरळ घातली म्हणणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे. शिवाय इथे चोरी झाली होती काय, हेही कोणी तपासत नाही.

निर्माते म्हणून चार नावे आहेत : मिचेल, तिचा तेव्हाचा पती व बासवादक लॅरी क्लाइन, माइक शिपली आणि डॉल्बी. दोघांची कामाची रीत जुळली नाही, हे खरे. आपल्या चालीचा साज दुसऱ्याने परस्पर ठरवावा, हे तिला मानवणारे नव्हते. पण यातून दिसतो तो तिचा हट्ट. तिची शरणागती नव्हे.

आणि त्या हट्टाचे फळ ऐकावे. ‘स्मोकिन’मध्ये सिगारेटी विकणाऱ्या यंत्राचा खडखडाट हाच ताल झाला आहे, जन्मभर धूम्रपान केलेल्या गायिकेला याहून नेमके वाद्य कोणते मिळणार होते? ‘द थ्री ग्रेट स्टिम्युलंट्स’ हे शीर्षक नीत्शेच्या विचारातून आले आहे. थकलेल्या समाजाला लागणाऱ्या उत्तेजकांत तो कृत्रिमतेची गणना करतो. कृत्रिमतेविषयीचे गाणे कृत्रिम ध्वनींत बांधले, तर त्यात आशय आणि साधन यांची फारकत कुठे झाली? रेगनच्या अमेरिकेवर, दूरचित्रवाणीवरच्या धर्मप्रचारकांवर संतापलेला हा अल्बम डल्सिमरवर गाइला असता, तर तो निव्वळ स्मरणरंजन झाला असता.

ढोलांचे आवाज आज शिळे वाटतात, हे मान्य. ‘शायनी टॉइज’ मलाही पुन्हा ऐकवत नाही. पण त्या शिळेपणाला १९८५ सालातले अर्धे ध्वनिमुद्रण जबाबदार आहे.

‘चॉक मार्क इन अ रेन स्टॉर्म’च्या (१९८८) निर्मात्यांत डॉल्बी नाही, मिचेल आणि क्लाइन दोघेच आहेत. सिंथेसायझर मात्र तिथेही आहेत. तो आळ आता कोणावर घालायचा?